समान नियम किती आणि कोणते?

जागतिक विद्यार्थी संघटनेचे नियम सर्व शाखांना सारखे असावेत, हा आग्रह वरकरणी समतेचा वाटतो. त्याची कसोटी आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात घ्यावी. दिवाळीच्या सुमारास पाथर्डी-शेवगाव भागातील अनेक कुटुंबे ऊसतोडीला निघतात. कित्येक विद्यार्थ्यांनाही कोयता हाती घ्यावा लागतो. सभासदत्वासाठी हिवाळ्यातील हजेरी सक्तीची केली, तर जगभर एकच असलेला नियम नेमका या मुलांना बाहेर ठेवील.

मग सारेच शाखांच्या मर्जीवर सोडावे काय? तेही घातक ठरेल. प्रागस्थित आंतरराष्ट्रीय विद्यार्थी संघ सोव्हिएत गटाच्या कह्यात गेला, म्हणून १९५० मध्ये स्टॉकहोम येथे दुसरी परिषद उभी राहिली. राष्ट्रीय संघटनांचे स्वातंत्र्य हा तिचा अभिमानाचा विषय होता. परंतु अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याचा पैसा तिला छुपेपणाने पोहोचत होता, हे १९६७ मध्ये उघडकीस आले. पैसा कोठून येतो हे सभासदांनाच ठाऊक नसेल, तर स्वायत्तता नावापुरतीच उरते.

तेव्हा समान नियम मोजके, पण कडक असावेत. हिशेब सर्वांना खुला असावा, निवडणूक नियमित व्हावी, जात, धर्म वा लिंग यांवरून कोणालाही दूर ठेवू नये. वेळापत्रक, भाषा, कार्यक्रम व वर्गणी मात्र शाखेने ठरवावी. ज्याचा हिवाळा उसाच्या फडात जातो, त्या विद्यार्थ्याला उन्हाळ्यात तरी बरोबरीचा सभासद म्हणून बसता आले पाहिजे.