चिरंजीव की तीर्थरूप?

इंग्रजी बोलणाऱ्यांचं बरं असतं. समोर शाळकरी पोर असो की हायकोर्टाचे न्यायमूर्ती, सगळ्यांना एकच 'यू'. आपल्या मराठीत मात्र तोंड उघडायच्या आधीच निर्णय घ्यावा लागतो, 'तू' म्हणायचं की 'तुम्ही'? आणि समोरच्याचा जन्मदाखला काही आपल्या हातात नसतो. मग काय, उंची बघायची, केस बघायचे, कपडे बघायचे आणि द्यायचं ठोकून!

ह्या ठोकताळ्यात मी कायम 'तू'च्या खान्यात पडते. वय वर्षं ४१, सॉफ्टवेअरमध्ये १८ वर्षं, उंची पाच फुटाला एक इंच कमी आणि चेहरा... चेहऱ्याने अजून कॉलेज सोडलेलं नाही. दारावर आलेला सेल्समन हमखास "घरात मोठं कोणी आहे का?" असं विचारतो. रिक्षावाले काका "कुठल्या कॉलेजात आहेस गं बाळा?" म्हणतात. ह्याने मला काही होत नाही. काकांच्या त्या 'बाळा'त मायाच असते.

टोचतं ते कामाच्या ठिकाणी. माझ्या टीममध्ये माझ्याहून नऊ वर्षांनी लहान असलेला एक मुलगा आहे. दाढी, थोडं टक्कल, सुटलेलं पोट, खर्जातला आवाज. आम्ही दोघं क्लायंटकडे गेलो की 'या सर' त्याला, पहिला चहा त्याला आणि प्रश्नही त्यालाच. एकदा अशाच एका बैठकीत मी म्हटलं, की सगळा डेटा एका रात्रीत हलवता येणार नाही, तीन वीकेंड लागतील. कोणी मान वर करून बघितलंही नाही. दहा मिनिटांनी तेच वाक्य तो बोलला, आणि लगेच सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. वाक्य तेच बरं का. आकडाही तोच. बदललं ते फक्त पोट!

हे सांगितलं की मैत्रिणी म्हणतात, "अगं, कौतुक समज की! संतूर मम्मी आहेस तू!" म्हणजे ती साबणाची जाहिरात, जिच्यात बाईला कॉलेजकन्यका समजतात आणि तेवढ्यात तिची पोर "मम्मी" म्हणून धावत येते. पण मंडळी, तिथे मुद्दाच मुळी दिसण्याचा आहे. जिथे तुमच्या शब्दावर कोणीतरी पैसे लावणार असतं, तिथे तरुण दिसणं म्हणजे कच्चं दिसणं. 'उन्हाने केस पांढरे झाले नाहीत' असं आपण उगाच म्हणत नाही. अनुभवाचा पुरावा म्हणून आपण केस दाखवतो. ज्याचे काळे, त्याने काय दाखवायचं?

ह्याच्या मुळाशी काय आहे, ते शास्त्रज्ञांनी शोधलंय. कॉनराड लोरेन्झ ह्यांनी १९४३ मध्ये मांडलं, की गोल चेहरा, मोठे डोळे, मोठं कपाळ असं बाळाचं रूप दिसलं की मोठ्यांना आपोआप जपावंसं वाटतं. लेस्ली झेब्रोविट्झ ह्यांनी पुढे अनेक वर्षं बाळरूपाच्या प्रौढ माणसांचा अभ्यास केला. अशी माणसं लोकांना प्रेमळ आणि प्रामाणिक वाटतात, पण भोळी आणि दुबळीही वाटतात. अमेरिकेतल्या छोट्या दाव्यांच्या कोर्टांवरचा त्यांचा अभ्यास १९९१ मध्ये आला. बाळरूपाचे प्रतिवादी 'मुद्दाम केलं' अशा आरोपांतून जास्त सुटत आणि 'निष्काळजीपणा केला' अशा आरोपांत जास्त हरत. म्हणजे 'लबाड नाही हो, पण वेंधळा असेल' हा निकाल चेहऱ्यावरूनच! आणि २००६ मध्ये विलिस आणि तोदोरोव्ह ह्यांनी दाखवलं, की अनोळखी माणूस विश्वासू आहे का, कर्तबगार आहे का, हे आपण चेहरा सेकंदाचा दहावा भाग बघून ठरवतो. जास्त वेळ दिला तर मत फारसं बदलत नाही, फक्त स्वतःच्या मताची खात्री वाढते.

आपल्याकडे ह्याची गोष्ट केव्हाची आहे. चांगदेवांना ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचं होतं. मायना काय लिहावा? वयाने लहान म्हणून 'चिरंजीव', की ज्ञानाने मोठे म्हणून 'तीर्थरूप'? काही सुचेना, म्हणून कोराच कागद पाठवला. उत्तरादाखल आल्या ६५ ओव्या, चांगदेव पासष्टी. आणि परंपरा सांगते, की पुढे चांगदेवांनी गुरू केलं ते मुक्ताबाईला, म्हणजे त्या भावंडांतल्या सगळ्यात धाकटीला. मला ह्यातला तो कोरा कागद फार आवडतो. चांगदेव अडले, पण निदान थांबले तरी!

आता कोणी म्हणेल, आपली संस्कृतीच वयाला मान देणारी, त्याला काय करणार? खरंच देते का? आमच्या गेटवरचे वॉचमन साठीच्या पुढचे आहेत, डोकं पांढरंशुभ्र. त्यांना पंचविशीतली पोरं खुशाल "ए, गेट उघड" म्हणतात. आणि तीच पोरं मोठ्या गाडीतून उतरली की 'साहेब' होतात. म्हणजे मान वयालाही नाही. मान आहे तो अंगावरच्या कपड्यांना.

आणि आमच्या धंद्याची तर उलटी तऱ्हा. २००७ मध्ये मार्क झुकरबर्ग ह्यांनी जाहीर भाषणात तरुण लोकच जास्त हुशार असतात असं सांगितलं होतं. तेव्हा ते होते २२ वर्षांचे. आता त्यांनीही चाळिशी ओलांडली आहे, असो. क्लायंटसमोर पोरगेलं दिसलेलं चालत नाही आणि नवी नोकरी शोधताना पिकलेलं दिसलेलं चालत नाही. म्हणजे दिसण्यावर बेतलेली ही मापं दोन्हीकडून चुकीचीच.

मग करायचं काय? पहिलं मत चेहऱ्यावरून होणार, ते आपल्या हातात नाही. पण त्यानंतर तोंडातून काय बाहेर पडतं, ते नक्की आहे. मी एक साधा नियम पाळते. अनोळखी प्रौढ माणूस भेटला, की आधी 'तुम्ही'. कॉलेजची वाटणारी मुलगी असो, भाजीवाला असो की वॉचमन. 'तुम्ही'वरून 'तू'वर यायला एक हसू पुरतं. 'तू'वरून 'तुम्ही'वर जाताना मात्र दोघंही अवघडतात. आणि बैठकीत दाढीकडे बघून प्रश्न टाकण्यापेक्षा सरळ विचारावं, "हे काम कोणी केलंय?" ज्याने केलंय त्याच्याकडे मग बघावं. चार शब्दांचा प्रश्न आहे. तेवढ्याने कित्येक चुकीचे अंदाज आणि फुकट गेलेले वीकेंड वाचतील.