निळ्या डोंगरांत एकटीने एक दिवस

दिवाळी आटोपली की आमच्या दवाखान्यात एक ठरावीक वर्दळ सुरू होते. मुलगा सिडनीला, मुलगी मेलबर्नला; इकडे थंडी पडू लागते तेव्हा तिकडे उन्हाळा असतो, आणि आईवडिलांची विमानाची तिकिटे निघालेली असतात. सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम लिहून द्या, अशी मागणी होते. ऑस्ट्रेलियात प्रवाशाला स्वतःपुरती तीन महिन्यांची औषधेच सोबत नेता येतात, तीही मूळ वेष्टनात आणि इंग्रजीतील चिठ्ठीसह. तिथला औषधविक्रेता आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी चालवून घेत नाही. हे समजावून झाले, विम्याची आठवण दिली, की खरा प्रश्न बहुधा दारापाशी पोहोचल्यावर विचारला जातो.

गेल्या वर्षी तो एका ७१ वर्षांच्या काकूंनी विचारला. रक्तदाब, मधुमेह, दोन्ही गुडघ्यांची झीज. पती निवर्तून तीन वर्षे झालेली. सिडनीची ही त्यांची तिसरी खेप. "डॉक्टर, सकाळी साडेसातला मुलगा-सून बाहेर पडतात, नातवंडे शाळेत जातात. मी खिडकीतून कचऱ्याची गाडी पाहते. शनिवारी-रविवारी धुणे, बाजार, मुलांचे पोहणे. मला ते निळे डोंगर पाहायचे आहेत. गाइडसह एका दिवसाची बस जाते. मी एकटी गेले तर चालेल का?" दोन दिवसांनी सिडनीहून मुलाचा फोन आला : "डॉक्टर, तुमचं ती ऐकते. तिला तुम्हीच नाही म्हणून सांगा."

मी नाही म्हटले नाही. मात्र 'जा' म्हणण्याआधी त्यांची उठून-चालून तपासणी केली. खुर्चीतून उठायचे, तीन मीटर चालायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. याला १२ सेकंदांपेक्षा अधिक वेळ लागत असेल तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असे धरतात. काकूंना १० लागले. मग आडवे असताना आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत रक्तदाब मोजला. वरचा आकडा २० किंवा अधिक घसरला तर आधी औषधांची फेरतपासणी करावी लागते. त्यांचा तेवढा घसरला नाही. वाचकहो, ही दोन परीक्षणे वय विचारण्यापेक्षा पुष्कळ उपयोगाची आहेत.

आता त्या जागेविषयी, कारण सल्ला जागेप्रमाणे बदलतो. ब्लू माउंटन्स सिडनीच्या पश्चिमेस, कटूंबा हे तेथील मुख्य गाव सुमारे १०० किलोमीटरवर. बसने साधारण दोन तास. निलगिरीच्या अफाट जंगलातून सुटणाऱ्या तेलाच्या सूक्ष्म कणांमुळे दरीवर निळसर धूसरपणा दिसतो, म्हणून हे नाव. सन २००० मध्ये या प्रदेशाचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. गुंडुंगुरा आणि दारुग या आदिवासी समाजांची ती पूर्वापार भूमी. एको पॉइंटवरून 'थ्री सिस्टर्स' हे तीन सुळके आणि त्यांच्यापलीकडे जॅमिसनची दरी दिसते. मी एकदाच तेथे गेलो आहे. पहिल्या क्षणी महाबळेश्वरच्या पॉइंटांची आठवण झाली, आणि त्या आठवणीत वैद्यकीयदृष्ट्या मोलाची एक गोष्ट दडलेली आहे.

आपल्या मनात डोंगर म्हणजे सिंहगड, रायगड. आधी चढ, मग उतार. दमलो तर अर्ध्या वाटेतून मागे फिरता येते आणि परतीची वाट उताराची असते. शरीर वेळीच सूचना देते. निळ्या डोंगरांचे उलटे आहे. ते मुळात एक उंच पठार आहे, नद्यांनी खोल कापलेले. बस तुम्हांला माथ्यावर आणून सोडते. वाट खाली दरीत उतरते, उतरताना दम लागत नाही, झाडी सुंदर असते, बरोबरची तरुण मंडळी पुढे असतात. चढ येतो तो शेवटी : पाय थकलेले असताना, जेवण झालेले असताना, आणि बस सुटण्याची वेळ जवळ आलेली असताना. छातीत दुखणे किंवा धाप लागणे तेव्हा सुरू झाले तर मागे फिरायला वाट नसते, कारण वर जाणे हेच मागे फिरणे असते. एको पॉइंटजवळून 'जायंट स्टेअरवे' नावाच्या अरुंद, तीव्र पायऱ्या दरीत उतरतात. त्या आठशेहून अधिक आहेत. गुडघ्याच्या वाटीवर सर्वाधिक भार पायऱ्या उतरतानाच पडतो. पन्नाशीतील धडधाकट माणसांनीही त्यांचा विचारच केलेला बरा.

याचा अर्थ दरी पाहायचीच नाही असा नाही. कटूंब्याला दरीत उतरणारी एक रेल्वे आहे, कोळशाच्या खाणीसाठी बांधलेली. तिचा उतार ५२ अंशांचा आहे. मानेचे किंवा कण्याचे दुखणे असणाऱ्यांनी तीऐवजी जवळचा केबल-वे घ्यावा. त्यात चाकांची खुर्चीही नेता येते. खाली दरीत फळ्यांची बांधीव वाट आहे, वृक्षनेच्यांच्या गर्द सावलीतून जाणारी. तिथे जितके जमेल तितके चालावे आणि केबल-वेनेच वर यावे. अन्य कोणत्याही उतरत्या वाटेवर माझा नियम साधा आहे : दहा मिनिटे उतरलात तर चढायला वीस लागतील असे धरा, आणि पूर्ण वाक्य न थांबता बोलता येईनासे झाले की तिथेच उभे राहा.

यानंतरचा विषय सभ्य गप्पांत टाळला जातो, म्हणून त्यावर जरा अधिक लिहितो. बसच्या सहलीत ज्येष्ठांना सर्वांत अधिक त्रास होतो तो लघवीच्या धास्तीने. छोट्या बसमध्ये शौचालय नसते. 'थांबवा' असे परक्या गाइडला सांगण्याचा संकोच वाटतो, स्त्रियांना विशेष. मग उपाय काय करतात? सकाळपासून पाणीच पीत नाहीत. काही जणी रक्तदाबाची गोळीही सोडतात, कारण 'तिने लघवी होते'. दुपारी दोनच्या सुमारास उन्हात उभ्या असताना डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि दोष प्रवासाला किंवा वयाला दिला जातो. शरीरातील पाणी घटल्याने उभे राहिल्यावर रक्तदाब कोसळतो. ज्येष्ठांत तर तहानेची जाणीवही क्षीण झालेली असते. संध्याकाळी गोंधळल्यासारखे होणे, दुसऱ्या दिवशी बद्धकोष्ठ, तिसऱ्या दिवशी मूत्रमार्गाची जळजळ, ही सारी त्याच एका दिवसाच्या निर्जळी उपासाची फळे असू शकतात.

उपाय गोळ्यांच्या वेळांत आहे. फ्रुसेमाइड, टॉर्सेमाइड यांसारख्या औषधांचा जोर पहिल्या काही तासांत असतो. काही रुग्णांना सहलीच्या दिवशी ती गोळी सकाळऐवजी परतल्यावर घेण्याची मुभा देता येते. काहींना देता येत नाही. हे आपल्या डॉक्टरांना निघण्यापूर्वी विचारायचे, स्वतः ठरवायचे नाही. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी घेणाऱ्यांनाही लघवी अधिक होते, त्यांनी तर पाणी मुळीच तोडू नये. दर अर्ध्या तासाला दोन-तीन घोट असे दिवसभर प्यावे. एकदम पेलाभर नको. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिलेले असेल तर तेच पाळावे. तिकीट काढतानाच कुठे-कुठे थांबणार ते विचारावे, प्रत्येक थांब्यावर गरज नसली तरी जाऊन यावे आणि बसमध्ये दाराजवळचे आसन मागावे. शोषक अंतर्वस्त्र वापरण्यात कमीपणा कसला? चष्मा लावतोच ना आपण.

साखरेचे गणित वेगळे. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्याचे जेवण घरी साडेबाराला होते. सहलीत ते दीड-दोनपर्यंत लांबते आणि आधी चालणे झालेले असते. घाम, थरथर, चिडचिड, शब्द न सुचणे ही साखर उतरल्याची चिन्हे अनोळखी माणसाला नुसता थकवा वाटतात. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोजची पुडी खिशात हवी, बसमध्ये ठेवलेल्या पिशवीत नव्हे.

गाइडकडून काय अपेक्षा ठेवावी, याबाबत घरच्यांचा गैरसमज असतो. 'गाइड आहे ना बरोबर!' तो आहे, पण बहुधा गाडीही तोच चालवतो आणि त्याच्यावर वीस माणसांचे वेळापत्रक असते. त्याला प्रथमोपचार येतात, तुमचा आजार ठाऊक नसतो. सकाळी चढतानाच त्याला दोन वाक्यांत सांगावे : मला मधुमेह आहे, मी सावकाश चालते. इंग्रजी अडखळत असेल तर सुनेकडून कागदावर लिहून घ्यावे. त्याच कागदावर औषधांची मूळ नावे, अ‍ॅलर्जी, मुलाचा क्रमांक आणि विम्याचा क्रमांक. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी सर्वांत महत्त्वाचे वाक्य असते 'परत कितीला यायचे' हे. 'टू फिफ्टीन' आणि 'टू फिफ्टी' यांत पस्तीस मिनिटांचा फरक आहे. गाइडला वेळ कागदावर लिहायला लावावी आणि उतरल्याबरोबर बसच्या क्रमांकाचा फोटो काढावा.

हवामानाचे थोडक्यात. कटूंबा सुमारे हजार मीटर उंचीवर आहे. सिडनीत उकडत असताना वर धुके आणि गारवा असू शकतो, म्हणून एक स्वेटर हवाच. तरीही तिथले ऊन ढगांतूनही पोळते. रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्या, गॉगल. रक्तदाबाच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड असेल तर उन्हाने त्वचेवर चट्टे उठू शकतात. ओलसर वाटेवर जळू लागली तर घाबरू नये, पण रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांचे रक्त बराच वेळ वाहते. गोचीड दिसल्यास नखाने ओढू नये, गाइडला दाखवावी. दाबल्याने ती अधिक लाळ सोडते आणि काहींना तीव्र अ‍ॅलर्जी होते. सापांची चौकशी सर्वजण करतात. बांधीव वाट सोडली नाही तर तो प्रश्न उद्भवण्याची शक्यता फारच थोडी.

आणि पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात सहल नको. उन्हाळ्यात सिडनीचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे असते. झोप आणि गोळ्यांच्या वेळा आधी स्थिरावू द्याव्यात.

कोणी एकट्याने जाऊ नये, हेही स्पष्ट सांगतो. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला किंवा छातीतले दुखणे अलीकडे वाढलेले. गेल्या सहा महिन्यांत पडलेले. आणि ज्यांचे विसरणे घरच्यांच्या लक्षात येऊ लागले आहे ते. शेवटच्या गटाबद्दल मुलांचा निर्णय सहसा चुकतो. बाबा घरात सगळे व्यवस्थित करतात, म्हणून पाठवतात. ओळखीच्या घरात सवय सांभाळून घेते; अनोळखी वाहनतळावर एकसारख्या चार पांढऱ्या बस उभ्या असतात.

काकू डिसेंबरात गेल्या. इतर मंडळी पायऱ्यांकडे वळली तेव्हा त्या एको पॉइंटवरच्या बाकावर पाऊण तास बसल्या. पलीकडच्या बाकावर कोरियाहून आलेल्या एक बाई होत्या, त्याही एकट्याच. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. डब्यातला मेथीचा ठेपला मात्र निम्मा-निम्मा झाला. पुढे मार्चपर्यंत त्यांनी आणखी तीन सहली केल्या, आणि आता त्यांची तक्रार एवढीच आहे की मुलगा दर वीस मिनिटांनी फोन करतो.

मुलांना म्हणूनच एक विनंती. चालत्या पायऱ्यांवर वाजणारा फोन हे पडण्याचे उत्तम निमित्त आहे. बसमध्ये बसल्यावर एक संदेश, जेवणाच्या वेळी एक, परतीला निघाल्यावर एक, एवढे आधी ठरवून घ्या. दरीत संपर्क तुटतो, त्यामुळे उत्तर आले नाही म्हणजे काही घडले असे नव्हे. ठरल्या वेळेनंतर अर्धा तास थांबा आणि मग सहलीच्या कार्यालयाला फोन करा. त्यांचा क्रमांक आदल्या रात्रीच आपल्याजवळ असू द्या. आईच्या फोनमध्ये आपत्कालीन ००० हा क्रमांक साठवा, मोबाइलवरून ११२ देखील लागतो. भारतीय पाहुण्यांना तेथील सरकारी मेडिकेअरचा लाभ मिळत नाही आणि रुग्णवाहिकेचेही बिल येते, तेव्हा विम्याच्या कागदात जुन्या आजारांचा उल्लेख आहे की नाही, हे सहलीच्या आदल्या दिवशी नव्हे, भारतातून निघण्यापूर्वी वाचा.