प्रतिकारशक्ती वाढवून द्या की!

गेल्या पावसाळ्यात खानापूरकडच्या एक वहिनी दवाखान्यात आल्या. वय चाळीसच्या आसपास, सोबत कॉलेजात शिकणारी लेक. बसल्याबसल्या त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. बोटांची मधली पेरे आणि मुळाजवळचे सांधे सुजलेले, मनगटे हाताला गरम लागत होती. "सकाळी नऊ वाजेपर्यंत मूठ वळत नाही, डॉक्टर. भाकऱ्या हीच थापते, माझा अंबाडाबी हीच घालते," त्या म्हणाल्या. आणि मग नेहमीची मागणी आली, "अंगातली ताकद गेलीय बघा. प्रतिकारशक्ती वाढायचं काय तरी लिहून द्या की!"

२०२० च्या करोनापासून ही मागणी दिवसातून दोन-तीनदा तरी ऐकतो. काढे, चूर्णे, गोळ्या यांनी घरोघरची कपाटे भरली आहेत. पण वहिनींच्या आजारात ही मागणी नेमकी उलटी आहे. त्यांची प्रतिकारशक्ती कमी झालेली नव्हती, ती वाट चुकली होती. राखणीचा कुत्रा चोर सोडून घरच्याच माणसांना चावू लागला, तर त्याला आणखी खुराक घालून कसे चालेल?

या आजाराला आपल्याकडे आमवात म्हणतात, डॉक्टर मंडळी रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. आपल्या सांध्यांच्या आतल्या बाजूला एक पातळ अस्तर असते आणि त्यातून वंगणासारखा द्रव पाझरतो. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी या अस्तरालाच शत्रू समजून तिथे गर्दी करतात. अस्तर जाड होते, सुजते, आणि तिथे तयार होणारी रसायने आधी कूर्चा आणि मग हाड कुरतडू लागतात. एकदा कुरतडलेले हाड पूर्ववत होत नाही. पहिल्या काही महिन्यांतल्या उपचाराला एवढे महत्त्व आहे ते यासाठी.

पेशी अशा का फिरतात, याचे एकच उत्तर नाही. घराण्यातून थोडी प्रवृत्ती येते, पण तेवढ्याने आजार होत नाही. धूम्रपानाने धोका नक्की वाढतो. (निपाणीच्या वाचकांनी रागावू नये, विडी ओढणाऱ्यांबद्दल बोलतो आहे.) हिरड्यांच्या जुनाट आजाराशीही संबंध दिसतो. बायकांत हा आजार पुरुषांच्या दोन-तीन पट आढळतो. वांगी-बटाटे सोडून मात्र तो जात नाही, कितीही जणांनी सांगितले तरी.

साठीनंतरचे गुडघे दुखतात ती बहुधा झीज. तो आखडलेपणा सकाळी पंधरा-वीस मिनिटांत सुटतो आणि चालून दुखणे वाढते. आमवातात हात-पाय तासाहून अधिक आखडलेले राहतात आणि हालचालीने थोडे मोकळे होतात. दोन्ही बाजूंचे लहान सांधे धरतात, थकवा येतो, कधी बारीक तापही. २००६ साली आपल्या भागात चिकुनगुनियाची मोठी साथ आली. त्यानंतर महिनोन्महिने सांधे धरलेले लोक आपण पाहिले, त्यामुळे अजूनही पुष्कळजण सांधेदुखी त्याच खात्यावर टाकून मोकळे होतात. रक्तातला 'आरए फॅक्टर' तपासतात खरा, पण तो निरोगी माणसातही सापडू शकतो आणि आजार असूनही कधी सापडत नाही. नुसता कागद घेऊन घाबरू नये आणि निर्धास्तही राहू नये.

वहिनींनी दीड वर्ष घालवले ते बाजारातून आणलेल्या पुड्यांवर. "दोन दिवसांत आराम पडायचा हो," त्या सांगत होत्या. एवढ्या झटपट गुणाने माझे कान टवकारले. १९४८ मध्ये अमेरिकेतील डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिले, तेव्हा अंथरुणाला खिळलेली ती बाई काही दिवसांत चालू लागली होती. १९५० चे नोबेल पारितोषिक त्यात मिळाले, आणि पुढे दीर्घकाळ भरपूर देण्याचे दुष्परिणामही कळले. निनावी पुड्यांत हेच स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. वहिनींचा चेहरा गोल झाला होता, साखर वाढली होती. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर ती एकदम बंद करणेही धोक्याचे. डॉक्टरांना खरे सांगा, ते हळूहळू उतरवतील.

त्यांना संधिवाततज्ज्ञांकडे पाठवले. तिथे मेथोट्रेक्सेट सुरू झाले आणि आठवड्यातच त्या चिठ्ठी घेऊन परत आल्या. शेजारणीने सांगितले होते, हे कॅन्सरचे औषध! खोटे नाही ते. भीमवरमचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेत १९४० च्या दशकात या जातीची औषधे तयार झाली ती रक्ताच्या कॅन्सरवर. पण आमवातात मात्रा त्या मानाने फारच कमी, आणि ती वाट चुकलेल्या पेशींना लगाम घालण्यापुरती.

मात्र एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी ऐकून ठेवावी. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. चुकून रोज घेतली तर रक्तातल्या पेशी घटतात, तोंड सोलते, जीवावर बेतते. वहिनींनी बुधवार ठरवला आणि लेकीने कॅलेंडरवर सगळ्या बुधवारांना लाल गोल काढले. फॉलिक ॲसिडची गोळी दुसऱ्या दिवशी. ठरल्या वेळी रक्ताची तपासणी, दारू वर्ज्य. मूल हवे असेल तर काही महिने आधीच डॉक्टरांना सांगून औषध बदलून घ्यायचे. गुण यायला दीड-दोन महिने लागतात, आणि नेमका एवढ्याच काळात पुष्कळजण कंटाळून पुन्हा पुडीकडे वळतात. एवढ्याने भागले नाही तर इंजेक्शनची नवी औषधे आहेत, पण त्यातल्या बऱ्याच औषधांआधी अंगात क्षयाचे जंतू दबा धरून नाहीत ना हे बघावेच लागते.

दिवाळीनंतर वहिनी आल्या तेव्हा सूज उतरली होती. मूठ आता अर्ध्या तासात वळते. उजव्या हाताची दोन बोटे वाकडी राहिली आहेत, ती तशीच राहणार. जाताना दारात थांबून त्यांनी विचारले, "लेकीला व्हईल काय हो, डॉक्टर?"

बहुतेक रुग्णांच्या मुलांना हा आजार होत नाही, असे सांगितले. पण तिच्या बोटांना सूज आली आणि पंधरा दिवसांत उतरली नाही, तर बाजारात न जाता सरळ इकडे यायचे. लेकीने मान डोलावली. वहिनी म्हणाल्या, आता भाकरी त्याच थापतात, फक्त जरा जाड होते.