आज्ञावली दिलीत, पण ती चालवायची कशी?

पैठण रस्त्यावरच्या चितेगावच्या आसपास लहानमोठे पुष्कळ कारखाने आहेत. तेथे एखाद्या टर्नरकडून लेथवर साधा दांडा कातून घ्यायचा असला, तरी आधी त्याच्या हाती ड्रॉइंग द्यावे लागते. लांबी किती, व्यास किती, धातू कोणता, मापात किती फरक चालेल, हे सारे त्या कागदावर असते. नमुन्याचा दांडा पुढे ठेवून ‘असाच कर’ म्हटले, तर तो विचारील, ‘ड्रॉइंग कुठाय?’ नमुना मोजता येतो. पण तो कोणत्या पोलादाचा आहे, हे नुसते पाहून कळत नाही.

आता तुमच्या विज्ञान प्रदर्शनाकडे वळू. गेल्या काही वर्षांत तेथे आर्डुइनोवर चालणारी उपकरणे फार दिसू लागली आहेत. आर्डुइनो म्हणजे तळहातावर मावणारे एक इलेक्ट्रॉनिक पटल. संगणकावर लिहिलेली आज्ञावली, म्हणजेच प्रोग्रॅम, त्यात उतरवली की ते तापमान मोजते, दिवे लावते, पंप सुरू करते. दुसऱ्या शाळेतला मुलगा म्हणतो, ‘मलाही दे ना’, आणि आज्ञावलीची फाइल मोबाइलवरून क्षणात पोहोचते. रात्री घेणारा संगणकापुढे बसतो आणि पडद्यावर तक्रार उमटते, की अमुक फाइल सापडत नाही! मग दोन दिवस फोनाफोनी, आणि शेवटी नाद सोडून देणे. अशा देण्याला मी देणे म्हणत नाही.

असे का होते ते पाहू. तापमान आणि आर्द्रता मोजणारा डीएचटी-११ नावाचा निळा, जाळीदार संवेदक तुमच्यापैकी अनेकांनी हाताळला असेल. त्याच्याशी बोलण्याची रीत प्रत्येकाने नव्याने लिहू नये, म्हणून ती कोणीतरी लिहून ठेवली आहे. अशा तयार आज्ञांच्या गाठोड्याला लायब्ररी म्हणतात. या संवेदकासाठी अ‍ॅडाफ्रूट कंपनीची लायब्ररी फार वापरली जाते. गंमत अशी, की ती एकटी पुरत नाही. तिला त्याच कंपनीची ‘युनिफाइड सेन्सर’ नावाची दुसरी लायब्ररी लागते. म्हणजे तुमची आज्ञावली पहिलीवर अवलंबून आणि पहिली दुसरीवर. या साखळीतल्या दुव्यांना आपण अवलंबने म्हणू. ज्याने आज्ञावली लिहिली, त्याच्या संगणकावर दोन्ही लायब्रऱ्या कधीच्याच बसलेल्या असतात. त्यामुळे त्याला ही साखळी दिसतच नाही. घरातल्या माणसाला घरचा वास येत नाही, तसेच हे.

हल्ली आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधून पहिली लायब्ररी उतरवायला गेलात, तर ते आपणहून विचारते, ‘हिला आणखी एक लागते, तीही घेऊ का?’ हे त्याला कसे कळते? लायब्ररी लिहिणाऱ्याने सोबतच्या एका छोट्या फाइलीत तशी एक ओळ लिहून ठेवलेली असते, म्हणून. एका ओळीने किती जणांची रात्र वाचते, याचा हिशेब तुम्हीच करा.

फाइल सापडत नाही ही तक्रार एका अर्थी बरी. निदान काहीतरी बिघडले हे कळते. संगणक गप्प राहतो तेव्हा खरी अडचण. डीएचटी-११ आणि डीएचटी-२२ ही भावंडे आहेत. दोघेही तापमान दोन बाइटांत पाठवतात; एक बाइट म्हणजे ० ते २५५ यांमधली एक संख्या. डीएचटी-११ पहिल्या बाइटात पूर्ण अंश पाठवतो आणि दुसऱ्यात अपूर्णांक. डीएचटी-२२ मात्र दोन्ही बाइट मिळून एकच मोठी संख्या पाठवतो, आणि तीही अंशाच्या दहाव्या भागांत. समजा, तुम्ही डीएचटी-११ जोडला, पण आज्ञावलीत नाव २२ चे राहिले. खोलीत ३० अंश तापमान आहे, म्हणून बाइट आले ३० आणि ०. धाकट्याची भाषा थोरल्याच्या व्याकरणाने वाचली, तर ३० गुणिले २५६, म्हणजे ७६८०. त्याचा दहावा भाग ७६८. खोलीचे तापमान ७६८ अंश सेल्सिअस! अ‍ॅल्युमिनियमसुद्धा ६६० अंशांना वितळते. आज्ञावलीत काडीची चूक नाही. ती कोणत्या संवेदकासाठी लिहिली होती एवढेच कुठे सांगितलेले नव्हते.

आवृत्तीचेही तसेच. पायथॉन या संगणकभाषेच्या दुसऱ्या आवृत्तीत दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच येत असे, म्हणून १ भागिले २ याचे उत्तर शून्य. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत ते ०.५ झाले. गतिज ऊर्जेचे सूत्र १/२ पासून सुरू करून लिहिले, तर जुन्या आवृत्तीत धावत्या आगगाडीचीही ऊर्जा शून्य निघेल. त्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद झाली आहे. तरी तिच्यात लिहिलेल्या आज्ञावल्या जुन्या संगणकांवर अजून सापडतात, आणि त्यांच्यावर आवृत्ती क्वचितच नोंदलेली असते.

हा पोरखेळ फक्त शाळकरी मुलांचा आहे असे समजू नका. २२ मार्च २०१६ रोजी ‘लेफ्ट-पॅड’ नावाची अवघ्या ११ ओळींची आज्ञावली तिच्या लेखकाने सार्वजनिक साठ्यातून काढून घेतली. मजकुराच्या डाव्या बाजूला मोकळी जागा भरणे, एवढेच तिचे काम. पण जगभरातील हजारो प्रकल्प त्यामुळे अडले आणि काही तासांतच ती परत ठेवावी लागली. आपण तिच्यावर अवलंबून आहोत, याची अनेकांना तोवर कल्पनाही नव्हती.

याउलट एक चांगले उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये ‘फॉसी’ नावाचा प्रकल्प आहे. मुक्त सॉफ्टवेअर शिक्षणात यावे, हा त्याचा हेतू. त्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी नामांकित पाठ्यपुस्तकांतील सोडवलेली उदाहरणे ‘सायलॅब’ या मुक्त गणनसाधनात लिहून काढली, आणि प्रत्येक पुस्तकाची एक जोडपुस्तिका सर्वांसाठी खुली झाली. यातली कोणतीही पुस्तिका उघडून पाहा. सुरुवातीलाच मूळ पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्ती आणि वर्ष. आवृत्ती कशाला? कारण आवृत्ती बदलली की उदाहरणांचे क्रमांक सरकतात. मग क्रमांक कसे वाचावेत याचा खुलासा. आणि जेथे एखादे उदाहरण दुसऱ्या एखाद्या फाइलीवर अवलंबून असेल, तेथे आज्ञावलीच्या आधीच सूचना, की परिशिष्टातील अमुक फाइल पाहा. अभियांत्रिकीच्या पोरांनी हे केले आहे. पुस्तिकेवर त्यांचे व त्यांच्या महाविद्यालयाचे नाव छापलेले आहे, कामाचे मानधनही दिले जाई. टिपण लिहिणे हे काम समजले गेले, हे मला त्यात सर्वांत मोलाचे वाटते.

काही जण म्हणतील, ‘आज्ञावली वाचली की सगळे कळते, मग वेगळा कागद कशाला?’ हे मला पटत नाही. काय करायचे ते आज्ञावली संगणकाला सांगते. लिहिणाऱ्याने काय गृहीत धरले, ते ती माणसाला सांगत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आज्ञावली बदलत जाते, कागद तसाच राहतो, आणि चुकीचा कागद नसलेल्या कागदापेक्षा वाईट. हे खरे आहे, म्हणून कागदावर तारीख हवीच, आणि आज्ञावलीला हात लावला की कागदालाही लावायला हवा.

आणि तो कागद मराठीत का असू नये? आज्ञा इंग्रजीत असतात, असू द्या. पण आठवीतल्या मुलाला अडते ते आज्ञांच्या आधी, मांडणी करताना. शिवाय ज्याच्याकडे मोबाइलचाच डेटा आहे, त्याला काय काय उतरवावे लागेल हे आधी कळले, तर तो त्याची सोय करील.

शिक्षकांना माझी एक सूचना आहे. प्रकल्प तपासताना फाइल आणि कागद दुसऱ्या तुकडीतल्या मुलाला द्या, संगणकही दुसरा द्या, आणि ज्याचा प्रकल्प आहे त्याला शेजारी बसवा: हाताची घडी, तोंडावर बोट. दुसऱ्याने न विचारता उपकरण चालवले, तर कागदाला पूर्ण गुण. जेथे तो अडला, ते वाक्य कागदात घालायचे.

वर सांगितलेल्या तापमापकाचा कागद साधारण असा होईल: ‘हे उपकरण आर्डुइनो ऊनो पटलावर चालते. संवेदक डीएचटी-११ आहे, २२ नव्हे. त्याची माहितीची तार पटलाच्या २ क्रमांकाच्या टोकाला जोडा. सुटा संवेदक असेल, तर ही तार आणि ५ व्होल्टचे टोक यांच्यामध्ये १० किलोओहमचा रोध लावा. अ‍ॅडाफ्रूटच्या डीएचटी आणि युनिफाइड सेन्सर या दोन लायब्रऱ्या लागतात. आम्ही वापरलेल्या आवृत्त्या खाली लिहिल्या आहेत. तापमान सेल्सिअसमध्ये येते, दोन अंशांपर्यंत फरक पडू शकतो. पडद्यावर “एनएएन” दिसले, तर आधी तार तपासा. कोणीही वापरावे, बदलावे. आमचे नाव राहू द्यावे.’ खाली नावे, शाळा आणि तारीख. वहीच्या एका पानात हे मावते.