फी भरण्यापूर्वीं

बारावीचा निकाल लागला कीं भायखळ्याच्या चाळींतून पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवसापासून बापाची झोंप उडते. मुलगी चांगल्या गुणांनीं पास झाली, ठीक झालें. पण आतां तिला घालावयाची कोठें, आणि फी आणावयाची कोठून? या प्रश्नाचें उत्तर ज्यानें त्यानें आपापल्या वकुबाप्रमाणें शोधावें अशी रीत पडली आहे, आणि जो प्रथम भेटेल त्याचें बोलणें खरें मानावें ही आपली जुनी खोड आहे. प्रथम भेटतो तो बहुधा दलाल.

आम्ही खेड्यांतले शाळामास्तर. सुटींत भायखळ्यास भावाच्या खोलीवर येतों तेव्हां गांवची मंडळी कागद घेऊन बसतात. 2024 च्या पावसाळ्यांत आमच्या गांवचे एक सुतार, जे रे रोडच्या वखारींत काम करतात, असेच कागद घेऊन आले. परंतु पैसे भरून झाल्यावर आले. मुलीनें इंजिनियरिंगची सीईटी दिली होती. पहिल्या फेरींत जागा लागली नाहीं, तोंच एक ओळखीचे गृहस्थ दारांत उभे राहिले. “थांबलांत तर हीहि जागा जाईल,” असें म्हणून त्यांनीं एका कॉलेजांत नेलें, सव्वा लाख रुपये भरावयास लावले आणि पावती हातीं ठेवली. त्या पैशांत बायकोच्या पाटल्या होत्या. पावतीवर एक लहानसा शब्द होता: संस्थास्तर. त्याचा अर्थ त्यांस कोणीं सांगितला नाहीं. अर्थ असा, कीं ही जागा सरकारच्या केंद्रीय प्रवेशफेरींतून मिळालेली नव्हे.

त्याच वर्षीं 8 जुलैला सरकारनें हुकूम काढला होता. ज्या घराचें वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत आहे अशा इतर मागासवर्गीय, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घरांतील मुलींस व्यावसायिक शिक्षणाची शिकवणी फी व परीक्षा फी 100 टक्के माफ. मात्र प्रवेश केंद्रीय फेरींतून झालेला पाहिजे. सुताराची मुलगी या माफीस पुरेपूर पात्र होती, आणि फेऱ्या अजून बाकी होत्या. घाई केली म्हणून चार वर्षांची फी अंगावर आली. चूक त्यांची एकट्याची नव्हे. आम्हीं तो हुकूम वर्तमानपत्रांत वाचला होता आणि कोणाला सांगितला नव्हता.

पूर्वीं सरकारी कागद कुळकर्ण्यानें वाचावा आणि शेतकऱ्यानें अंगठा उठवावा असा प्रकार होता. रयतेच्या श्रमाचा पैसा वरिष्ठ वर्गाच्या शिक्षणाकडे वळतो, ही तक्रार जोतीराव फुले यांनीं 1882 सालीं हंटर कमिशनपुढें मांडली. आज अंगठा गेला, सही आली. तरी कागद वाचणारा दुसराच आहे. पोर्टलवरचा अर्ज सायबर कॅफेवाला भरतो, पासवर्ड त्याच्यापाशीं राहतो, कधीं कधीं मोबाईल नंबरहि त्याचाच टाकलेला असतो! अर्जांत त्रुटि निघाली तर निरोप त्याला जातो, मुलीला नाहीं. कुळकर्णी निदान गांवांत सांपडत तरी असे.

ज्यांस वाटतें कीं कॉलेज म्हणजे पहिल्यापासून बाजारांतली वस्तु, त्यांनीं भायखळ्याचाच इतिहास पाहावा. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट 1887 सालीं निघाली ती या भायखळ्यांत. गिरण्यांस जाणतीं माणसें हवीं होतीं म्हणून. 1923 सालीं ती माटुंग्यास गेली आणि आज वीरमाता जिजाबाईंचें नांव धारण करून आहे. पुढें 18 जानेवारी 1982 रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारें अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. आणि 1983 सालीं वसंतदादा पाटील यांच्या सरकारनें विनाअनुदान इंजिनियरिंग कॉलेजांस परवानगी दिली. म्हणजे गिरणगांवच्या घरांत पैसा यावयाचा बंद झाला त्याच सुमारास विद्येला किंमतीची चिठ्ठी लागली. या दोन गोष्टी कोणीं ठरवून एकत्र आणल्या असें आम्ही म्हणत नाहीं. नव्या कॉलेजांमुळें जागा वाढल्या, खेड्यापाड्यांचीं मुलें इंजिनियर झालीं, हेंहि खरें. देणगीच्या नांवाखालीं होणाऱ्या लुटीस 1987 च्या कायद्यानें बंदी झाली, आणि 2015 च्या कायद्याखालीं खाजगी व्यावसायिक कॉलेजांची फी ठरविण्यास शुल्क नियामक प्राधिकरण आलें. ठरलेली फी त्याच्या संकेतस्थळावर कोणासहि पाहतां येते. मग ती दलालाच्या तोंडून कां ऐकावी?

तेव्हां फी भरण्यापूर्वीं विचारा. कॉलेज सरकारी, अनुदानित कीं विनाअनुदान? एका इमारतींत, एका पाटीखालीं दोन भाव असतात. साधें बी. कॉम. अनुदानित असतें, आणि शेजारच्याच वर्गांतलें हिशेब व वित्त या नांवाचें बी. कॉम. स्वयंअर्थसहाय्यित, त्याची फी कित्येक पट. पाटीवर नुसतें ‘विद्यापीठ’ दिसलें तर अधिकच विचारा. खाजगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांस वर सांगितलेली मुलींची माफी लागूच नाहीं. मुलग्यांस याच वर्गांतून निम्म्या शिकवणी फीची सवलत आहे, तीहि केंद्रीय फेरीनें गेल्यासच. अनुसूचित जातीजमातींची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ति निराळी. आणि शिकवणी फी माफ म्हणजे सर्व कांहीं माफ नव्हे. अनामत किती, इतर फी किती, हें लेखी मागून घ्यावें. कर्ज सर्वांत शेवटीं. 4 लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जास बँकेनें तारण मागूं नये असा नियम आहे, तो ठाऊक नसल्यामुळें कित्येक लोक सातबारा घेऊन बँकेंत जातात!

पदवीच पाहिजे, तीहि आतांच पाहिजे, असा हट्टहि धरूं नये. वांद्र्यास सरकारी तंत्रनिकेतन आहे. दहावीनंतर तेथें तीन वर्षांची पदविका घेतली तर इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षांत थेट जातां येतें, आणि मध्येंच घरावर पाळी आली तर हातीं विद्या असते. डॉ. आंबेडकरांनीं 1946 सालीं सिद्धार्थ कॉलेज काढलें तेव्हां नोकरी करणाऱ्यांस शिकतां यावें म्हणून सकाळचे वर्ग ठेविले होते. कामावर जाऊन शिकणें हें कमीपणाचें, ही समजूत आपल्यांत नंतर कोठून शिरली कोण जाणे.

आतां कागदांचें. पैशापेक्षां कागदानें अडलेलीं मुलें आम्हीं अधिक पाहिलीं. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, आणि या सर्वांवर जातवैधता प्रमाणपत्र. मुंबईंत तीन पिढ्या काढल्या तरी जातीचा जुना पुरावा बहुधा मूळ गांवींच सांपडतो. इतर मागासवर्गीयांस 13 ऑक्टोबर 1967 पूर्वींचा, विमुक्त-भटक्यांस 21 नोव्हेंबर 1961 पूर्वींचा आणि अनुसूचित जातींस 10 ऑगस्ट 1950 पूर्वींचा पुरावा मागतात. तो असतो आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरांत. आजोबा शाळेची पायरी चढलेच नसतील, तर चुलतआजोबांचें नांव शोधावें, नाहीं तर कोतवाल बुकांतील जन्ममृत्यूची नोंद काढावी. आमच्या शाळेच्या कपाटांत असें एक रजिस्टर आहे. शाई फिकी झाली, कडा वाळवीनें खाल्ल्या. तरी ‘सुतार’, ‘कुंभार’, ‘माळी’ हीं अक्षरें लागतात, आणि त्यांवर आज नातवाची फी ठरते. हें काम अकरावींतच हातीं घ्यावें. निकालानंतर धांवणारा मनुष्य मुदतवाढीच्या आशेवर राहतो, आणि मुदतवाढ मिळालीच तरी समितीच्या दारांत त्याच्यापुढें शेकडों उभे असतात.

राहिला मुलांच्या राहण्याजेवणाचा खर्च. शहरांत येणाऱ्या मुलास फीपेक्षां हाच जड जातो. गिरणगांवांत गांवोगांवच्या मंडळांच्या खोल्या असत. एका खोलींत पाळीपाळीनें माणसें निजत आणि खाणावळींत जेवत. कांहीं खोल्या अजून मंडळांच्या ताब्यांत आहेत. तेथें सतरंज्या, भांडीं आणि पूजेचा चौरंग ठेवलेला आम्हीं पाहिला आहे. शाहू महाराजांनीं 1901 सालीं कोल्हापुरास मराठा बोर्डिंग उभें केलें. भाऊराव पाटलांनीं 1924 सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचें वसतिगृह काढलें आणि तें चालविण्यास लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने दिले. तुम्हां मंडळांस दागिने कोणी मागत नाहीं. खोली आहे, तिची किल्ली द्या. गांवचीं चार मुलें तेथें राहिलीं तर सतरंज्या कोपऱ्यांत राहूं शकतात.

दुसरें, वर्गणीची पेटी. शिष्यवृत्तीचा पैसा उशिरा येतो आणि कॉलेजचा पहिला हप्ता आधीं भरावा लागतो. या मधल्या चार-सहा महिन्यांतच पाटल्या जातात. मंडळानें जत्रेच्या वर्गणींतून दरसाल थोडी रक्कम बाजूस काढून पहिला हप्ता बिनव्याजी द्यावा, आणि शिष्यवृत्ति खात्यांत जमा होतांच ती परत घेऊन दुसऱ्या मुलास द्यावी. जत्रा बंद करा असें आम्ही म्हणत नाहीं; बँड एक तास कमी वाजला तर देव रागावणार नाहीं. आणि ज्या शिकलेल्या पोरांस अर्ज भरतां येतात त्यांनीं मे ते ऑगस्ट दर रविवारीं दोन तास खोलीवर बसावें, मोबाईल नंबर व पासवर्ड मात्र मुलामुलींचेच ठेवावे. रविवारची सुटी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीनें 1890 सालीं गिरणी कामगारांस मिळाली, त्यांतले हे दोन तास.

सुताराच्या मुलीचें दुसरें वर्ष झालें आहे. फी चालूच आहे. तिचा धाकटा भाऊ आतां अकरावींत आहे, आणि त्याच्या आजोबांची नोंद आम्हीं काढून दिली. आमच्या गांवच्या आणखी कोणास तें रजिस्टर पाहावयाचें असेल तर त्यांनीं एप्रिल संपण्यापूर्वीं यावें. मे महिन्यांत शाळा बंद असते आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांबरोबर त्यांच्या गांवीं जाते.