धारवाडची साक्ष काढता? मग पुरती काढा!

फ्यूजनचा विषय निघाला की आपल्या गोव्यातल्या रसिक मंडळींचे एक वाक्य ठरलेले असते : "असले चाळे धारवाडला चालत नाहीत हो!" म्हणजे हुबळी-धारवाड हे शुद्धतेचे शेवटचे ठाणे. तिथे तंबोरा, तबला, पेटी आणि ख्याल. बाकीच्या सॅक्सोफोन, गिटार, जाझ वगैरे मंडळींनी घाटाखालीच राहावे.

माझे म्हणणे एवढेच, की धारवाडची साक्ष काढायची तर पुरती काढा. ती तुमच्या बाजूने जात नाही.

ज्या किराणा घराण्यावर हुबळी-धारवाडची निम्मी कीर्ती उभी आहे, ते कैराना गाव उत्तर प्रदेशात. तिथले अब्दुल करीम खाँ (१८७२-१९३७) म्हैसूर दरबारात गेले, कर्नाटक संगीत कान देऊन ऐकले आणि तिथली सरगमची रीत आपल्या ख्यालात आणली. नुसती आणली नाही, तर त्यागराजांची खरहरप्रियातली कृती ध्वनिमुद्रितही केली. उत्तरेतल्या उस्तादाने तेलुगू कृती गाणे हे त्या काळी 'चाळे' नव्हते काय? शिवाय सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स नावाचा इंग्रज अधिकारी श्रुतींच्या मोजमापाचे प्रयोग करत होते, तेव्हा त्यांना स्वर गाऊन दाखवायलाही हेच खाँसाहेब होते. याच खाँसाहेबांचे शिष्य कुंदगोळचे सवाई गंधर्व, आणि त्यांचे शिष्य भीमसेन जोशी व गंगूबाई हनगल. तुमच्या शुद्धतेच्या झाडाचे मूळ हे असे दोन मातींत आहे.

पेटीचे तरी काय? ती युरोपातून आली. आकाशवाणीने १९४० साली तिला हद्दपार केले ते १९७१ पर्यंत! आज तीच पेटी 'परंपरा' झाली.

मल्लिकार्जुन मन्सूर घ्या. सुरुवात कन्नड नाटकमंडळीत आणि कर्नाटक संगीतात, मग मिरजेला नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेरची तालीम, मग मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांच्याकडे जयपूर-अत्रौली. शिवाय बाराव्या शतकातली कन्नड वचने त्यांनी हिंदुस्थानी रागांत गायिली. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी तर माळव्यातल्या बायकांच्या गाण्यांतून नवे राग बांधले. त्यांना नावे ठेवणारे तेव्हाही थोडे नव्हते. आज तीच मंडळी त्यांच्या नावाने डोळे पुसतात. असो.

आता कुणी जाणकार मला अडवील आणि म्हणेल, गंगूबाईंच्या आईचे काय? प्रश्न रास्त आहे. अंबाबाई कर्नाटक संगीत गाणाऱ्या. त्यांचे गाणे ऐकायला अब्दुल करीम खाँ त्यांच्या धारवाडच्या घरी येत. पण मुलगी हिंदुस्थानी शिकू लागली तेव्हा तिच्या गळ्यावर आपली छाप पडू नये म्हणून या माऊलीने आपले गाणे थांबवले. याहून मोठा त्याग मला ठाऊक नाही. पण त्यातून मिसळ वाईट, असा अर्थ मला निघताना दिसत नाही. एक गोष्ट आधी मुळापासून येऊ द्या, एवढाच तो निघतो. अंबाबाईंनी मुलीचे कान बंद केले नाहीत, आधी तिला पाय रोवायला जागा दिली.

आणि इथेच माझे फ्यूजनवाल्यांशीही भांडण आहे. गेल्या काही वर्षांत मी ऐकलेल्या अशा बहुतेक मैफलींत दोन्ही बाजूंचे कलाकार आलटून पालटून आपापले ठेवणीतले वाजवतात, शेवटी तिहाईवर एकत्र येतात, टाळ्या! एकदा तर गायकाने मारवा धरलेला आणि कीबोर्डवाला खाली षड्जाचा मेजर कॉर्ड दाबून बसलेला. मारव्यात षड्ज जपून, लपवून लावायचा असतो, त्या ओढीतच त्याची संध्याकाळ असते. आणि त्या कॉर्डमध्ये पंचम असतो, जो मारव्यात वर्ज्य! गायक बिचारा रिषभावर थांबून अंधार आणतोय आणि हा मागून दिवा लावतोय. याला प्रयोग म्हणत नाहीत. याला एकमेकांचे न ऐकणे म्हणतात.

खरा प्रयोग कसा होतो? जॉन मॅकलॉफलिन हा इंग्रज गिटारवादक अमेरिकेत एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकला आणि गिटारवर जादा तारा चढवून घेतल्या. झाकीर हुसेन, एल. शंकर आणि विनायकराम यांच्याबरोबरची त्याची 'शक्ती' त्या मेहनतीवर उभी राहिली. २०२४ साली तिला ग्रॅमी मिळाले ते उगाच नव्हे. शोभा गुर्टू जन्माने बेळगावच्या, आई मेनकाबाई शिरोडकर जयपूर-अत्रौलीच्या तालमीतल्या. त्यांचा मुलगा त्रिलोक तबल्यावर वाढला, मग डॉन चेरीसारख्या जाझवाल्यांबरोबर वाजवू लागला, आणि १९८८च्या 'उस्फ्रेत' या आपल्या पहिल्या तबकडीत त्याने आईलाच गायला बसवले. ठुमरीची राणी जाझच्या तालवाद्यांत गायली आणि तिची ठुमरी मेली नाही.

मग आपले काय? घाटावरच्यांनी दोन संगीते एका गळ्यात आणली. आपल्या गोव्यात तर ती चारशे वर्षे शेजारी शेजारी नांदताहेत. चर्चच्या शाळेत पोरे सोल्फा आणि व्हायोलिन शिकली, देवळाच्या चौकात कलावंतांनी ख्याल-ठुमरी जपली, आणि दोघांची भेट झाली कुठे? मुंबईच्या सिनेमाच्या स्टुडिओत, पोटासाठी! माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत राग आणि सिंफनी एकत्र आणण्यासाठी स्वतःचा वाद्यवृंद उभा केला, लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. पुढे तो टिकला नाही. आपण त्यांना ओळखतो ते १९७७च्या सिनेमातल्या एका गमतीच्या गाण्यावरून. २०१२ साली ते गेले. त्यांचे स्वरलेखन किती गोवेकरांनी उघडून पाहिले?

तेव्हा धारवाडचा दाखला देऊन पोरांना दटावणे पुरे. व्हायोलिन शिकणाऱ्या मडगावच्या पोराला वर्षभर तंबोऱ्यापुढे बसवा आणि ख्याल शिकणाऱ्या फोंड्याच्या पोरीला स्टाफ नोटेशन वाचायला लावा. आधी आपापले पक्के करा, मग दुसऱ्याकडे शिष्य म्हणून जा, आणि मगच एका स्टेजवर चढा. दहा वर्षे लागतील. लागू देत. अब्दुल करीम खाँनाही एका संध्याकाळीत जमले नव्हते.