नूतनीकरणाचे पत्र

फेब्रुवारी सरत आला की पेढीवर दोन प्रकारचे कागद जमू लागतात. एक वर्षअखेरीच्या हिशेबाचे. त्यांची सर्वांना धास्ती असते, म्हणून त्यांच्याकडे लक्षही असते. दुसरे वार्षिक देखभाल करारांच्या, म्हणजे बाजाराच्या भाषेत एएमसीच्या, नूतनीकरणाचे. बिलिंगचे सॉफ्टवेअर, गोदामाची लिफ्ट, कॅमेरे, वातानुकूलन यंत्र, बारकोड छापणारे यंत्र अशा प्रत्येकाचे एक पत्र येते. त्यात एक रक्कम असते आणि ‘१ एप्रिलपासून सुधारित दर लागू होतील’ अशी एक ओळ असते. दिवाणजी ते पत्र मालकापुढे ठेवतात. मालक विचारतो, ‘गेल्या वर्षी किती दिले होते?’ उत्तर ऐकून कपाळाला आठी पडते आणि तरीही धनादेशावर सही होते.

तांदळाच्या क्विंटलमागे दहा रुपये कमी करून घेण्यासाठी ज्या पेढीवर अर्धा तास बोलणी चालतात, त्याच पेढीवर अठरा हजारांचे सव्वीस हजार झालेले देयक चहा निवण्याच्या आत मंजूर होते. याला केवळ आळस म्हणणे अन्यायाचे होईल. तांदळाला बाजार असतो. एका आडत्याचा भाव पटला नाही तर दुसरा आडत्या चार पावलांवर असतो. देखभाल कराराला असा बाजार केवळ एकाच दिवशी असतो, तो म्हणजे यंत्र विकत घेण्याच्या दिवशी. त्या दिवशी चार विक्रेते दारात उभे असतात, प्रत्येकजण पहिल्या वर्षाची सेवा विनामूल्य देऊ करतो. यंत्र बसले, माणसे त्यावर शिकली, माल त्यात नोंदला गेला की विक्रेता एकच उरतो. पुढची सर्व नूतनीकरणे त्याच्याच भावाने होतात.

भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली चौदा मोटार-उत्पादकांविरुद्ध दिलेल्या आदेशात हीच गोष्ट मांडली होती. मोटार घेईपर्यंत ग्राहकापुढे अनेक कंपन्या असतात. घेतल्यानंतर सुटे भाग आणि दुरुस्ती यांसाठी तो एकाच कंपनीशी बांधला जातो, आणि त्या लहानशा बाजारात तीच कंपनी बलाढ्य ठरते, असा त्या विचाराचा गाभा होता. पुढे हे प्रकरण अपिलात गेले. तथापि बांधले जाण्याची ही कल्पना कोणत्याही दुकानदाराला आपल्या अनुभवातून पटेल अशी आहे.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत ही गाठ अधिक घट्ट बसते. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. याचा अर्थ असा की, ज्या सॉफ्टवेअरमध्ये पाच-सहा वर्षांची बिले अडकली आहेत, ते सोडणे म्हणजे केवळ नवे घेणे नव्हे. जुने सर्व बाहेर काढून, तपासून, वाचता येईल अशा स्वरूपात सांभाळणे होय. नूतनीकरणाचे पत्र पाठविणाऱ्याला हे ठाऊक असते. विवरणपत्राची तारीख तोंडावर असताना कोणी सॉफ्टवेअर बदलत नाही, हेही त्याला ठाऊक असते.

याउलट वजनकाट्याकडे पाहावे. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी आणि मुद्रांकन दर बारा महिन्यांनी करावे लागते, आणि परवाना नसलेल्या माणसाला तो दुरुस्त करता येत नाही. बंधन कडक आहे, तरी काटेवाल्याकडून फारशी लूट झाल्याचे ऐकू येत नाही. कारण परवानाधारक दुरुस्ती करणारा एकच नसतो. न पटल्यास पुढच्या वर्षी दुसऱ्याला बोलाविता येते. तेथेही एक सावधगिरी बाळगावी. सरकारी पडताळणी शुल्क नियमाने ठरलेले असते. काटेवाल्याने ते आणि आपली मजुरी एकाच आकड्यात मिसळून सांगितल्यास दोन्ही रकमा बिलावर वेगळ्या दाखवावयास सांगाव्यात.

प्रत्येक दरवाढ अन्याय्य असते असे मात्र नाही. तंत्रज्ञाचा पगार वाढतो, परदेशातून येणारे सुटे भाग महागतात, पेट्रोल महागते. व्यापारी स्वतःही भाव वाढवितो आणि ग्राहकाने समजून घ्यावे अशी अपेक्षा ठेवतो. अन्याय कोठे सुरू होतो हे ओळखण्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. वाढीचे कारण विचारल्यावर मिळत नसेल, सूचना मुदत संपण्याच्या आठवडाभर आधी येत असेल आणि सोडून जाण्याची वाट मुद्दाम अवघड करून ठेवलेली असेल, तर ती वाढ खर्चाच्या हिशेबातून आलेली नसते. ती समोरच्याच्या अडचणीवर आकारलेली असते.

पुष्कळदा ही वाढ कराराच्या मूळ कागदावर पहिल्या दिवसापासून बसलेली असते. ‘दर वर्षी १० टक्के वाढ’ हे कलम वाचताना सौम्य वाटते. समजा, मूळ रक्कम २०,००० रुपये आहे. वाढ मूळ रकमेवर धरली तर दहा वर्षांनी ती ४०,००० होते. ‘मागील वर्षीच्या रकमेवर’ असे शब्द असतील तर ती सुमारे ५१,९०० होते. चक्रवाढ कशाला म्हणतात हे व्यापारी घरातल्या मुलाला शिकवावे लागत नाही. तरी कर्जाच्या कागदावर तो जे शोधतो ते सेवेच्या कागदावर शोधत नाही. रिझर्व्ह बँकेपुढे महागाईचे ठरविलेले लक्ष्य ४ टक्के आहे, हे ध्यानात घेता सरसकट १० टक्क्यांच्या कलमाला कारण विचारणे मुळीच उद्धटपणाचे नाही.

दुसरा प्रकार असा की दर तोच राहतो आणि सेवा आक्रसते. कालपर्यंत करारात धरलेले सुटे भाग आता ‘केवळ मजुरी’च्या करारात वगळले जातात, एका संगणकासाठी असलेले शुल्क प्रत्येक वापरणाऱ्यामागे होते, दूरध्वनीवरील मदत विनामूल्य होती ती तासाने मोजली जाते. बिलातील आकडा पाहणाऱ्याला हे कळत नाही, करारासोबतचे परिशिष्ट वाचणाऱ्यालाच कळते.

मग कायदा काय म्हणतो? येथे व्यापाऱ्याची काहीशी निराशा होते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अन्याय्य करार’ ही संकल्पना आली. अवाच्या सवा अनामत, नुकसानीच्या मानाने अवास्तव दंड, कारण नसताना एकतर्फी करार संपविण्याचा अधिकार, ग्राहकाला तोट्यात टाकणारे गैरवाजवी शुल्क अशी कलमे तीत येतात, आणि तिच्याविषयीची तक्रार जिल्हा आयोगाकडे न नेता राज्य आयोगाकडे न्यावी लागते. परंतु हे सर्व ‘ग्राहका’साठी आहे, आणि व्यापारी प्रयोजनासाठी सेवा घेणाऱ्याला तो कायदा सामान्यतः ग्राहक मानीत नाही. स्वयंरोजगाराने उपजीविका करणाऱ्यांना जी सूट आहे, तिच्या शब्दांत विकत घेतलेल्या वस्तूंचा उल्लेख आहे, सेवांचा नाही. त्यामुळे राहत्या घरातील वातानुकूलन यंत्राच्या करारात फसलेला गृहस्थ ग्राहक ठरतो. तोच गृहस्थ खाली दुकानात येऊन त्याच कंपनीच्या तशाच करारात फसला तर त्याची वाट बिकट होते.

सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली ब्रजनाथ गांगुली यांच्या प्रकरणात, दुर्बल पक्षावर लादलेली विवेकशून्य कलमे न्यायालय मोडू शकते, असे सांगितले. तो निर्णय नोकरीच्या कराराविषयी होता, आणि त्याच निर्णयात, दोन्ही पक्ष व्यापारी असतील व करार व्यापारी असेल तर हे तत्त्व लागू होणार नाही अशी शक्यताही न्यायालयाने नोंदविली. दोन व्यापारी समान बळाचे असतात, हे त्यामागील गृहीत. गल्लीतील किराणा दुकान आणि देशभर शाखा असलेली सेवा कंपनी यांना एकाच तराजूत घालण्याची ही रीत विधी आयोगालाही अपुरी वाटली असावी. त्याने २००६ च्या १९९ व्या अहवालात अन्याय्य कलमांविषयी स्वतंत्र कायदा सुचविला. तो कायदा झाला नाही. लहान विक्रेत्याला उशिरा मिळणाऱ्या पैशांसाठी सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम कायद्याचे ४५ दिवसांचे संरक्षण आहे. तोच लहान उद्योग जेव्हा सेवा विकत घेतो, तेव्हा त्याच्या पाठीशी असे काही नाही.

ऑस्ट्रेलियाने मात्र ही रेषा वेगळ्या ठिकाणी ओढली. तेथे नोव्हेंबर २०१६ पासून छापील, ठरीव नमुन्याच्या करारांतील अन्याय्य कलमांविरुद्धचे संरक्षण लहान व्यवसायांनाही मिळाले. पुढच्याच वर्षी तेथील फेडरल न्यायालयाने कचरा उचलणाऱ्या जे. जे. रिचर्ड्स या मोठ्या कंपनीच्या करारातील आठ कलमे रद्दबातल ठरविली. दर एकतर्फी वाढविण्याचा अधिकार, मुदत संपण्यापूर्वी ठरावीक काळात न कळविल्यास कराराचे आपोआप नूतनीकरण, आणि देणे बाकी असेपर्यंत करार सोडण्यास मनाई ही त्यांपैकी तीन. नोव्हेंबर २०२३ पासून अशी कलमे करारात घालणेच तेथे दंडास पात्र झाले आहे. येथील दुकानदाराच्या खणातील करार काढून पाहिला तर या तिन्ही कलमांची भावंडे त्यात सहज सापडतील.

येथे जे हाती आहे ते १८७२ च्या भारतीय करार कायद्यात आहे, आणि ते अगदीच तुटपुंजे नाही. चालू मुदतीत कराराच्या अटी बदलावयाच्या तर दोन्ही पक्षांची संमती लागते. करारात तशी मुभा लिहिलेली नसेल तर मुदतीच्या मध्येच पाठविलेले ‘सुधारित दरा’चे पत्र हा केवळ प्रस्ताव असतो. ‘पंधरा दिवसांत हरकत न आल्यास संमती समजली जाईल’ असे पत्रात लिहिल्याने संमती होत नाही. मौन म्हणजे मान्यता हा करार कायद्याचा सामान्य नियम नाही. मात्र काही न बोलता वाढीव रक्कम भरली तर कृतीने संमती दिल्यासारखे होते. म्हणून उत्तर धनादेशाच्या आधी गेले पाहिजे, आणि ते लेखी गेले पाहिजे. त्यात जुन्या कराराचे कलम दाखवावे, वाढीची फोड मागावी, जुन्या दराने होणारी रक्कम ‘हक्क राखून’ भरण्याची तयारी कळवावी. रागाने पैसे थांबविणे बहुधा महागात पडते. थकबाकीचे कारण पुढे करून सेवा बंद करण्याची संधी त्यामुळे समोरच्याला मिळते.

पैसे कार्डावरून आपोआप वळते होत असतील तर निराळी दक्षता हवी. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे अशी रक्कम वळती होण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. ती सूचना मालकाच्या भ्रमणध्वनीवर येते की तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या, हे बहुतेक पेढ्यांवर कोणी पाहिलेले नसते.

खरा सौदा मात्र खरेदीच्या दिवशीच होतो. त्या दिवशी यंत्राच्या किमतीत पाच टक्के सूट मिळविण्यापेक्षा पुढील पाच वर्षांच्या देखभालीचा दर कागदावर लिहून घेणे अधिक लाभाचे. वाढीला वरची मर्यादा, वाढीची ९० दिवस आधी सूचना, मध्येच करार सोडल्यास उरलेल्या महिन्यांचे पैसे परत, आणि सॉफ्टवेअर असल्यास सर्व नोंदी एक्सेलसारख्या सर्वसाधारण स्वरूपात विनामूल्य परत मिळण्याची हमी, एवढे मागितले तर पुष्कळ विक्रेते मान्य करतात. कारण त्या दिवशी त्यांना विक्री हवी असते. जो मान्य करीत नाही त्याने आपले पुढचे धोरण आधीच सांगितलेले असते.

एकट्या दुकानदाराचे बोलणे कंपनीचा स्थानिक प्रतिनिधी हसून टाळतो. बाजारपेठेतील चाळीस दुकानांचे एकच सॉफ्टवेअर असेल आणि व्यापारी संघाच्या पत्रावर चाळीस सह्या असतील, तर वरिष्ठ कार्यालयातून माणूस येतो. वर्चस्वाचा गैरवापर करून अन्याय्य दर लादला जात असल्यास स्पर्धा कायद्याखाली व्यापारी संघालाही आयोगाकडे माहिती दाखल करता येते. मात्र त्यासाठी ती कंपनी त्या बाजारात वर्चस्व गाजविणारी आहे हे दाखवावे लागते, आणि ते काम वकिलाचे आहे. एक भेद येथे विसरू नये. सेवा घेताना एकत्र बोलणी करणे वेगळे आणि आपापल्या दुकानांतील विक्रीचा भाव एकत्र बसून ठरविणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीला त्याच कायद्याचे कलम ३ आडवे येते.

ज्यांचा करार येत्या ३१ मार्चला संपत आहे, त्यांनी पत्राची वाट न पाहता एक काम आजच करून ठेवावे. सॉफ्टवेअरमधील नोंदींची प्रत काढून ती दुकानाबाहेरच्या, ते सॉफ्टवेअर नसलेल्या संगणकावर उघडून पाहावी. मागील वर्षांची बिले, उधारीची बाकी आणि साठा त्यात वाचता आला, तर मालकाला बोलणी करताना उठून जाण्याची सोय आहे. फाइल उघडलीच नाही, किंवा उघडून नुसत्या खुणा दिसल्या, तर विक्रेत्याला पहिला प्रश्न दराविषयी न विचारता या फाइलविषयी विचारावा, आणि उत्तर लेखी मागावे.